चूक ड्रॉइंगमध्ये होती

गेल्या महिन्यात माझ्या जाऊबाईंना वर्तकनगरजवळच्या एका इस्पितळात ठेवलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन. दुपारी सोबतीला मी असायचे. त्या झोपल्या की माझी जी जुनी खोड आहे ती उफाळून यायची. पलंगाच्या कठड्यावरून मी बोट फिरवत बसायचे. स्टेनलेस स्टीलचा कठडा, वरून अगदी लखलखीत. पण उभी दांडी जिथे आडव्या दांडीला मिळते, तिथल्या आतल्या कोपऱ्यात माझं बोट खरखरलं. बाहेर काढलं तर टोक काळं.

मी सिस्टरला हाक मारली. ती आली, तिने पाहिलं आणि जराही न दचकता म्हणाली, "काकू, रोज पुसतो हो आम्ही. तिथे कापडच जात नाही. ते कंपनीतूनच तसं येतं."

कंपनीतूनच तसं येतं! आकाशातून पाऊस यावा तसं. त्या मुलीचा काही दोष नव्हता. पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं, आणि अजून ते निवलेलं नाही. म्हणून या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी हो म्हणाले खरी, पण गमतीपेक्षा रागच जास्त लिहिला जाईल, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं.

माझं काम असं. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एक कारखाना आहे. तिथे इस्पितळाचं सामान बनतं. ट्रे, ट्रॉल्या, सलाइनचे स्टँड, हात धुवायची बेसिनं, पलंग. त्या कारखान्याच्या डिझाइन खात्यात मी चौतीस वर्षं होते. सुरुवातीला शाई आणि ट्रेसिंग पेपर, शेवटी संगणक. नोकरीच्या पायऱ्या कशा चढले ते सांगत नाही, त्यात कुणालाच रस नसतो, मलाही नाही. सांगायचं आहे ते पॉलिशबद्दल.

लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे बुटाला लावतात तसं काहीतरी वरून लावायचं. धातूचं पॉलिश लावायचं नसतं, काढायचं असतं. पत्र्यावर ओरखडे असतात. ते जाड एमरीच्या, म्हणजे खरकागदासारख्या, चाकाने काढायचे, म्हणजे त्यांच्या जागी बारीक ओरखडे येतात. ते त्याहून बारीक चाकाने काढायचे. असं करत करत ओरखडे इतके बारीक होतात की डोळ्याला दिसेनासे होतात, आणि आपण म्हणतो, वा, काय चकाकतंय! शेवटचं चाक कापडाचं असतं, गोल चकत्या एकावर एक शिवलेल्या. ते मोटरवर गरगर फिरतं, त्याला मेणासारखा साबण लावायचा आणि वस्तू दोन्ही हातांनी धरून त्यावर दाबायची. सगळं एवढंच. पण "दोन्ही हातांनी धरून" या तीन शब्दांत माणूस येतो. त्याच्या नाकातोंडात काळी धूळ जाते, मनगटं भरून येतात, आणि वस्तू धड झाली नाही तर पहिल्यांदा तोच बोलणी खातो.

इस्पितळात ही चकाकी मिरवायला नसते. जिथे ओरखडा उरतो तिथे घाण उरते, जिथे घाण उरते तिथे गंज धरतो. म्हणून कोपरा न कोपरा गुळगुळीत हवा. आणि कोपरा गुळगुळीत होणार की नाही, हे पॉलिश खात्यात ठरत नाही. ते माझ्यासारखीच्या टेबलावर ठरतं, रेघ मारताना. हे वाक्य मी पुढे आयुष्यभर लोकांना सांगत फिरले, पण मला स्वतःला ते कळलं ते असं.

नोकरीला सहा महिने झाले होते. मी एका उपकरणांच्या ट्रेचं ड्रॉइंग केलं होतं, चारही कोपरे काटकोनात, अगदी सुरीसारखे. मला ते फार देखणे वाटले होते. आठवड्याने पॉलिश खात्यातला एक माणूस तो ट्रे घेऊन सरळ आमच्या खोलीत आला. काळा ॲप्रन, पापण्यांवरसुद्धा काजळी. वातानुकूलित खोलीत कामगार सहसा येत नसत, त्यामुळे सगळ्यांनी माना वर केल्या.

"ह्यो कुणी काढला?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"बाय, जरा बोट घाल या कोपऱ्यात."

मी घातलं. अर्थातच ते कोपऱ्याच्या टोकापर्यंत पोचलं नाही.

"नाय ना जात? तुझं एवढंसं बोट नाय जात, तर माझं एवढं चाक कसं जाणार? चाक गोल हाय, कोपरा चौकोनी हाय. मी काय कोपऱ्यात जिभेने पॉलिश करू?"

खोलीत हशा पिकला. माझे कान तापले. पण दुपारच्या सुट्टीत मी स्वतःच पॉलिश खात्यात गेले. तोवर एकदाही गेले नव्हते. सहा महिने चकाकणाऱ्या वस्तूंची ड्रॉइंगं करत होते आणि त्या चकाकतात कशा, हे पाहिलं नव्हतं! आज सांगताना लाज वाटते. पण आमच्या खोलीतले जे इतर होते, त्यांतले काही निवृत्त होईपर्यंत गेले नाहीत. त्यांना ती वाटली नाही.

तो माणूस म्हणजे विश्वनाथ भोईर. सगळे त्याला विश्वनाथदादा म्हणत, मीही म्हणू लागले. मूळचा कल्याणच्या खाडीकाठच्या गावातला. आजा मिठागरावर राबलेला, बापाची थोडी भातशेती. आता विठ्ठलवाडी स्टेशनजवळ राहायचा. त्याने मला जे शिकवलं ते कुठल्याच डिप्लोमाच्या पुस्तकात नव्हतं. आतल्या कोपऱ्याला गोलाई दे, निदान तुझ्या करंगळीएवढी. भोकं पॉलिशच्या आधी पाडू नकोस. चाक भोकावरून गेलं की साबण ओढला जातो आणि भोकाच्या मागे अश्रूसारखा ओघळ उमटतो. दोन भाग जोडायचे असतील तर आधी वेगवेगळे पॉलिश करू दे, मग जोड. वस्तू धरायला जागा ठेव. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: कड चाकाच्या तोंडावर येईल असं काही काढू नकोस. चाक कडेवरून निसटून बाहेर गेलं पाहिजे. कड चाकात घुसली तर चाक ती वस्तू हिसकावून घेतं.

"आणि मग?" मी विचारलं होतं.

"मग काय. वस्तू छतात, नायतर माझ्या पोटात," तो हसत म्हणाला होता.

हळूहळू मी माझं प्रत्येक ड्रॉइंग छपाईला जाण्याआधी त्याला दाखवू लागले. तो ते उलटसुलट करून बघायचा, हवेत हात फिरवून न दिसणाऱ्या चाकावर न बनलेली वस्तू धरून बघायचा, आणि म्हणायचा, "होईल." किंवा, "नाय होणार." कारण विचारलं तर सांगायचा. साहेबांपैकी कुणी मात्र कधी विचारलं नाही.

न विचारणाऱ्यांचा एक नमुना सांगते. आमच्या मालकांच्या ओळखीतले कल्याणचे एक बिल्डर होते. त्यांच्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टसमोरची अख्खी भिंत स्टीलच्या आरशाची करायची होती. आमचं हे काम नव्हे, पण ओळख आडवी आली. बिल्डरसाहेब सोन्याची चेन सावरत म्हणाले, "मला आरसा पाहिजे, आरसा! आणि सलग. मध्ये सांधा दिसता कामा नये."

विश्वनाथदादाने त्यांना समजावलं, "साहेब, एवढा सपाट पत्रा हाताने पॉलिश केला की लाटा येतात. काम चांगलं असलं तरी येतात. चाक कुठे केसभर जास्त बसतं, कुठे कमी. अरुंद पट्ट्या करा, जराशा फुगीर करा, नायतर रेघारेघांचं मंद पॉलिश घ्या. लय झकास दिसेल."

बिल्डरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, यांना सांगा, सल्ला नको, काम करा."

केलं. तीन माणसांनी पंधरा दिवस खपून केलं. भिंत लागली, पूजा झाली, लोक राहायला आले. आणि लिफ्टची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला समोर स्वतःचं तोंड भोपळ्यासारखं दिसू लागलं, दोन पावलं सरकलं की पडवळासारखं. मुलं शाळेतून आली की तिथेच वेडावत उभी राहायची. एका आजोबांनी तर सोसायटीच्या सभेत तक्रार केली की, "माझा रोज सकाळी अपमान होतो." बिल्डरसाहेब तावातावाने कारखान्यात आले आणि ओरडले कुणावर? पॉलिशवाल्यांवर. "तुमच्या लोकांना हात नाहीत का?" मी त्या दिवशी पहिल्यांदा ग्राहकाशी भांडले. मी म्हणाले, "हात आहेत, तोंडही आहे. तुम्ही ऐकलं नाहीत." मालकांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले, पण मागून विश्वनाथदादाचं दाबलेलं हसू ऐकू आलं, आणि माझा दिवस सार्थकी लागला.

इथवर लिहिलेलं वाचून वाटेल की मी सुरुवातीपासून कामगारांच्या बाजूने खंबीरपणे उभी राहिलेली बाई होते. तशी मी नव्हते. तेच आता सांगायचं आहे.

अतिदक्षता विभागासाठी आम्ही नव्या पलंगाची मालिका काढत होतो. पलंगाचा बाजूचा कठडा वर-खाली होतो, तो अडकवून ठेवायला एक आकडा लागतो. पलंगाचं डिझाइन बाहेरच्या एका संस्थेकडून करून घेतलं होतं. त्यांनी पडद्यावर तो आकडा असा काही फिरवून दाखवला की साहेबलोक खूश. हंसाच्या मानेसारखा बाक, निमुळतं होत गेलेलं पातळ टोक, उघडं तोंड, आणि आतून-बाहेरून आरशासारखं पॉलिश. पडद्यावर पॉलिश करायला चाक लागत नाही. तिथे ते एका बटणावर होतं.

मी तो आकडा बघितला आणि विश्वनाथदादासारखा हवेतल्या चाकावर धरून पाहिला. आतली बाजू पॉलिश करायची तर त्याचं उघडं तोंड चाकाकडेच करावं लागणार होतं. म्हणजे ती पातळ कड नेमकी चाकाच्या तोंडावर.

मी आमच्या उत्पादनप्रमुखांकडे, करंदीकर साहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या टेबलावर नेहमी कुठलीतरी तारीख बसलेली असायची. त्या वेळी एका मोठ्या प्रदर्शनाची होती.

"साहेब, हे धोक्याचं आहे. आकड्याचं तोंड सुरुवातीला बंद ठेवू या. मध्ये छोटीशी पट्टी सोडू, पॉलिश झालं की ती कापून टाकू. किंवा आतली बाजू मंदच ठेवू, तिथे कुणाचं लक्ष जाणार आहे?"

"पट्टी कापायची म्हणजे आणखी एक काम. आणि आतून मंद ठेवलं तर ते डिझाइनवाले बोंबलतील. नीलिमाताई, नमुना सगळ्यांनी मान्य केलाय."

"पॉलिश खात्याने केलाय का?"

ते हसले. खरंच हसले. जणू मी विचारलं होतं की कँटीनमधल्या मांजराने मान्य केलाय का.

मी लेखी टिपण दिलं. ते म्हणाले, फाइलला लावा. मग म्हणाले, सही करा. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, "तपासले" अशी. तिथे माझी सही लागत होती. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशीही म्हणाले. चौथ्या दिवशी मी सही केली.

का केली, याची बरीच कारणं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत. दडपण होतं, बढतीचं वर्ष होतं, टिपण फाइलला होतं. सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. खरं एवढंच की नाही म्हणण्याचा मला कंटाळा आला होता. रोज तेच तोंड, तेच वाद, खोलीतल्यांचे तेच कटाक्ष, "झालं का पुन्हा सुरू हिचं." माणूस भीतीने वाकतो हे आपण समजून घेतो. मी कंटाळ्याने वाकले.

प्रदर्शनासाठीचे आकडे विश्वनाथदादाने स्वतः केले. दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नाहीत. तासाला जेमतेम चार, कड चाकात घुसतेय असं वाटलं की हात मागे घेत घेत. मी त्या काळात पॉलिश खात्यात जायचं टाळत होते. प्रदर्शनात पलंगाचं कौतुक झालं, ऑर्डर आली, आणि तासाला चारचे दहा हवे झाले.

दुपारचे तीन वाजले असतील. आधी मोटर गुरगुरत अडखळल्याचा आवाज आला, मग काहीतरी पत्र्याच्या छपरावर आदळल्याचा. मग सगळी मशीनं एकेक करत बंद झाली. कारखान्यात असली शांतता पसरली की काय झालंय हे सांगावं लागत नाही. मी धावले. चाकाने आकडा हिसकावला होता आणि आकड्यात अडकलेला उजवा हात सोबत ओढला होता. विश्वनाथदादा जमिनीवर बसला होता, हात कुणाच्यातरी पंच्यात गुंडाळलेला. माझ्याकडे त्याने पाहिलं.

उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. मनगटाची शीर डॉक्टरांनी जोडली, पण मूठ पुन्हा आवळली नाही.

पंधरा दिवसांनी चौकशी अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर आला, ड्रॉइंगचा क्रमांक बरोबर आहे ना एवढंच तपासायला. त्यात एक वाक्य होतं: "कामगाराने वस्तू अयोग्य कोनात धरल्यामुळे अपघात घडला." मी ते तीनदा वाचलं. सत्तावीस वर्षं चाकावर काढलेला माणूस, ज्याने कारखान्यातल्या निम्म्या लोकांना वस्तू कशी धरायची ते शिकवलं, त्याला म्हणे धरता आली नाही! असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. आणि त्या संतापाच्या बुडाशी दुसरंच काहीतरी होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्याच दिवशी रजा टाकून मी विठ्ठलवाडीला गेले. दोन खोल्यांचं घर. विश्वनाथदादा जेवत होता, डाव्या हाताने, चमच्याने भात. चमच्यातून भात सांडत होता आणि त्याची बायको, सुमनवहिनी, तिकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत पाट्यावरची चटणी काढत होती. मला पाहून त्याने ताट सरकवलं.

मी बसले आणि तयार करून नेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "दादा, त्या आकड्याच्या ड्रॉइंगवर माझी सही आहे."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "मला वाचता येतं, मॅडम. पहिल्याच दिवशी वाचली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुम्ही येतच नव्हता खाली."

सुमनवहिनीचा हात पाट्यावर थांबला. तिने काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. तिने उठून पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला. ते बोलण्यापेक्षा अवघड होतं.

मग विश्वनाथदादाच म्हणाला, "मी पण सुपरवायझरला दोनदा बोललेलो, हे नाय होणार म्हणून. तिसऱ्यांदा गप गेलो चाकावर. तुम्ही पण 'नाय' म्हणालात ना आधी? मला कळलेलं. आपलं दोघांचं 'नाय' कुणी ऐकलं? पण तुमचं 'नाय' कागदावर हाय, मॅडम. माझं कुठे हाय?"

मी त्याला अहवालातलं वाक्य सांगितलं. त्याचा चेहरा त्या वेळी जसा झाला, तसा तो अपघाताच्या दिवशीही झाला नव्हता. "अयोग्य कोनात?" तो म्हणाला. "मी?" हात गेल्यापेक्षा त्याला ते वाक्य लागलं होतं.

चौकशीच्या बैठकीला मी दोन वस्तू घेऊन गेले, आणि फाइल. एक नवं कापडी चाक, मोटर नसलेलं, नुसतं. आणि एक आकडा. खोलीत करंदीकर साहेब होते, कार्मिक अधिकारी होते आणि सुरक्षा समितीचे एक सभासद. मी चाक टेबलावर उभं धरलं आणि आकडा करंदीकरांच्या हातात दिला.

"साहेब, अहवालात अयोग्य कोन लिहिलाय. मला योग्य कोन दाखवा. आतली बाजू चाकाला लागली पाहिजे, आणि कड चाकाच्या तोंडावर येता कामा नये."

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

"चाक बंद आहे, साहेब. काही होणार नाही. दाखवा."

त्यांनी आकडा एका बाजूने धरला. मग दुसऱ्या. उलटा केला. तिरका केला. बाक चाकाला लागायचा तेव्हा टोक चाकात घुसायचं, टोक वाचवलं की बाक सुटायचा. मिनिटभर खोलीत फक्त कापडावर धातू घासल्याचा आवाज येत होता. सुरक्षा समितीचे गृहस्थ म्हणाले, "बघू, मला द्या." त्यांनाही जमलं नाही. करंदीकरांनी आकडा टेबलावर ठेवला आणि कपाळ पुसलं.

मी म्हणाले, "योग्य कोन नाहीच. चूक धरण्यात नव्हती, चूक ड्रॉइंगमध्ये होती. हे माझं टिपण, सहीच्या आधीचं. आणि ही माझी सही, टिपणाच्या नंतरची. अहवालात दोन्ही लिहा."

"ताई, तुमच्यावरही येईल हे," कार्मिक अधिकारी हळूच म्हणाले.

"यावं म्हणूनच आणलंय," मी म्हणाले.

अहवालातलं ते वाक्य गेलं. त्या जागी "रचनेतील दोष" असे शब्द आले. विश्वनाथदादाची नोकरी टिकली आणि कामगार म्हणून जे त्याच्या हक्काचं होतं ते त्याला मिळालं. आकडा तोंड बंद ठेवून बनू लागला, पॉलिशनंतर पट्टी कापायची. ती कापायला दर नगामागे दोन मिनिटंसुद्धा लागत नव्हती. दोन मिनिटं! या दोन मिनिटांसाठी, असं म्हणून मी आजही भांडी आदळते. मला ताकीदपत्र मिळालं, नोकरीतलं एकुलतं एक. बढती दुसऱ्याला गेली. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, झालं. बाहेरच्या डिझाइन संस्थेला काहीही झालं नाही. त्यांच्या माहितीपत्रकात तो पलंग अजून पहिल्या पानावर आहे म्हणतात. करंदीकर साहेब स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात माझ्याशी आपणहून बोलले. "नीलिमाताई, तो आकडा अजून हातात येतो कधी कधी," म्हणाले. मी त्यांना नमस्कार केला आणि पुढे गेले. थांबायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी एक गोष्ट मात्र हट्टाने करून घेतली. त्यासाठी आठ महिने अर्ज केले, आणि या वेळी कंटाळले नाही. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात "आखले", "तपासले", "मंजूर" या तीन चौकटींशेजारी चौथी चौकट आली: "पॉलिश." तिथे सही झाल्याशिवाय ड्रॉइंग कारखान्यात उतरायचं नाही. आणि सही करणारा माणूस विश्वनाथ भोईर. त्याला आमच्याच खोलीत टेबल मिळालं, खिडकीजवळ. पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि दिवसभर खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. डाव्या हाताने लिहायला शिकत होता. अक्षरं पहिलीतल्या मुलांच्या वहीतल्यासारखी यायची.

आठवडाभराने त्याने एक ड्रॉइंग नामंजूर केलं. चौथ्या चौकटीतलं पहिलंच नामंजूर. बेसिनचं होतं, आणि ते माझं होतं.

माझा विश्वासच बसेना. मी त्याच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, यात काय आहे? सगळीकडे गोलाई दिलीये मी. तुम्हीच शिकवलेली."

त्याने पेन्सिलीच्या टोकाने नळाच्या बैठकीमागची एक फट दाखवली. एवढीशी. "इथे घाण बसेल, मॅडम."

"पण ती मागच्या बाजूला आहे, भिंतीकडे. कुणाला दिसणारसुद्धा नाही!"

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं मी काय बोलले ते. खोलीतल्या कुणीतरी खाकरलं. विश्वनाथदादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण नजर हलवलीही नाही. मग त्याने ड्रॉइंगची गुंडाळी केली, डाव्या हाताने, सावकाश, आणि माझ्या हातात दिली.

"उद्या आणा," तो म्हणाला. "मी हाय."